कुत्र्याच्या कोरड्या खाद्यात पाणी: कधी, किती आणि कशाऐवजी

कोल्हापुरात कुत्रे पाळणाऱ्या अनेक घरांत पिशवीतल्या कोरड्या दाण्यांवर काहीतरी ओतल्याशिवाय ताटली पुढे ठेवली जात नाही. कोणी पाणी ओततो, कोणी दूध, आणि रविवारी रस्साही. आपल्याला कोरडा घास उतरत नाही, तर मुक्या जनावराला कसा उतरेल, अशी त्यामागची माया असते. प्रत्यक्षात दात शाबूत असलेल्या, नीट पाणी पिणाऱ्या निरोगी मोठ्या कुत्र्याला हे दाणे कोरडे दिले तरी काही कमी पडत नाही. काही कुत्र्यांना मात्र भिजवलेले खाद्य खरोखरच लागते, आणि ते कोणाला व कसे द्यावे हे समजून घेतले पाहिजे.

आधी पाण्याचा हिशेब पाहू. कुत्र्याला दिवसाला वजनाच्या किलोमागे साधारण 50 ते 60 मिलिलिटर पाणी लागते, म्हणजे 10 किलोच्या कुत्र्याला अर्धा लिटर किंवा थोडे अधिक. कोरड्या खाद्यात ओलावा जेमतेम 6 ते 10 टक्के असतो, तर डब्यातल्या ओल्या खाद्यात तो 70 ते 80 टक्के असतो. दिवसाला 150 ग्रॅम दाणे खाणाऱ्या कुत्र्याला त्यातून फार तर 15 ग्रॅम पाणी मिळते आणि बाकी सारे भांड्यातून प्यावे लागते. जे कुत्रे भांड्याकडे फिरकत नाही, ज्याला मूतखड्याचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे आणि डॉक्टरांनी पाणी वाढवायला सांगितले आहे, त्याच्या खाद्यात पाणी घालणे हा सर्वांत सोपा उपाय ठरतो. तरीही पिण्याच्या पाण्याचे भांडे उचलू नये. उलट, एखादे कुत्रे अचानक किलोमागे 100 मिलिलिटरहून अधिक पाणी पिऊ लागले, तर उन्हाळा आहे म्हणून सोडून न देता त्याची तपासणी करून घ्यावी, कारण मधुमेह आणि मूत्रपिंडाचे विकार बहुधा असेच सुरू होतात.

म्हाताऱ्या कुत्र्यांचा प्रश्न दातांचा असतो. आमचा मोती अकराव्या वर्षी दाणा तोंडात घेऊन खाली टाकू लागला, तेव्हा त्याला चव आवडत नसेल असे समजून आम्ही दोन आठवडे खाद्य बदलत राहिलो. शेवटी तपासले तेव्हा मागची दाढ किडलेली निघाली. दाणे भिजवल्याने त्याचे खाणे सुरू झाले, पण दुखणे थांबले ते दाढ काढल्यावरच. म्हणून दाणे मऊ करून द्यावेत आणि तोंडही तपासून घ्यावे.

भिजवताना दाणे आधी कोरडेच मोजावेत, कारण फुगलेल्या दाण्यांवरून अंदाज चुकतो आणि कुत्रे उपाशी तरी राहते किंवा लठ्ठ तरी होते. चार वाट्या दाण्यांना एक वाटी पाणी या प्रमाणाने सुरुवात करावी. मोठ्या कुत्र्यासाठी पाच ते दहा मिनिटे पुरतात, दात नसलेल्याला दाणा बोटाने चिरडेपर्यंत थांबावे. पाणी कोमट असावे, त्याने वास खुलतो आणि खाण्याची इच्छा वाढते. उकळते पाणी तोंड भाजते, शिवाय काही जीवनसत्त्वे उष्णतेने कमी होतात. घरात पिण्यासाठी वापरतो तेच पाणी घ्यावे. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 मधल्या महापुरांसारखी वेळ आली, तर कुत्र्यासाठीही पाणी उकळून गार करून घ्यावे.

आता रस्सा. कोल्हापूरकराला हे सांगणे अवघड जाते, पण तांबडा किंवा पांढरा यांपैकी कोणताही रस्सा कुत्र्याच्या दाण्यांवर घालू नये. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात, शिजवल्याने तो दोष जात नाही, आणि हिरड्या फिक्या पडणे, लघवी गडद होणे ही लक्षणे काही दिवसांनी दिसत असल्यामुळे कोणाला रविवारच्या जेवणाची आठवणही होत नाही. तांबड्यातल्या मसाल्याचे नावच कांदा-लसूण मसाला आहे. पांढरा सौम्य दिसतो, परंतु त्यातही लसूण असतो, वर नारळाचे दूध आणि काजू यांची चरबी असते, जी स्वादुपिंडाला जड जाऊ शकते. मटण शिजवलेले अळणी पाणीही निर्धोक नाही, कारण बहुतेक घरांत त्यात आले-लसूण आणि मीठ आधीच पडलेले असते. चव द्यायचीच असेल, तर फोडणी आणि मीठ पडण्यापूर्वी दोन-चार तुकडे वेगळे काढून नुसत्या पाण्यात उकडावेत, ते पाणी गार करून वरची चरबी काढून टाकावी आणि शिजलेले हाड मुळीच देऊ नये. दुधाचेही तसेच आहे. गंगावेशीतले धारोष्ण दूध माणसाने जरूर प्यावे, पण बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना दुधातली साखर पचत नाही आणि जुलाब होतात.

भिजवलेले दाणे टिकत नाहीत. एप्रिल-मेच्या उकाड्यात तासाभराने उरलेले फेकून द्यावे आणि भांडे साबणाने धुवावे, नुसते खळखळून नव्हे. पावसाळ्यात उघडी पिशवी दमट होऊन बुरशी धरते. अशा दाण्यांतले विष भिजवून जात नाही, म्हणून कुबट वास आला की ती पिशवीच टाकावी.

ग्रेट डेन, डॉबरमन, जर्मन शेफर्ड यांसारख्या खोल छातीच्या कुत्र्यांचे पोट फुगून पिळण्याचा धोका असतो. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या अभ्यासात, सायट्रिक ॲसिड घातलेले खाद्य भिजवून खाणाऱ्या मोठ्या कुत्र्यांत हा धोका अधिक आढळला होता. त्यामुळे अशा जातींसाठी पिशवीवरचे घटक वाचावेत, दिवसाचे खाणे दोन-तीन वेळांत विभागावे आणि जेवणानंतर तासभर तरी रंकाळ्यावर पळवायला नेऊ नये. पोट टम्म होऊन नुसत्या कोरड्या ओकाऱ्या येत असतील, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच डॉक्टर गाठावा.

पिल्लांना मात्र भिजवलेलेच द्यावे. साधारण चौथ्या आठवड्यात पिल्लांचे खाद्य दोन-तीन पट कोमट पाण्यात भिजवून खिरीसारखे कालवावे, दर काही दिवसांनी पाणी कमी करत जावे आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास कोरड्या दाण्यांवर यावे. ताटली उथळ घ्यावी. पिल्ले पहिले काही दिवस त्यात पाय देऊनच उभी राहतात, म्हणून खाणे झाले की त्यांचे पाय आणि हनुवटी ओल्या फडक्याने पुसून कोरडी करावीत आणि मगच त्यांना आईजवळ सोडावे.