नोकरी सुटल्यावर पुन्हा कॉलेजला: साताऱ्यात पैशांची सोय कशी लावायची

बेकारी भत्ता म्हणून दरमहा रोख देणारी योजना महाराष्ट्र सरकारची नाही. 'महिना पाच हजार' म्हणत आधार नंबर आणि ओटीपी मागणाऱ्या लिंका मोबाइलवर फिरतात, त्या उघडूसुद्धा नका. पुढे येणारे एक-दोन अपवाद सोडले तर मदत मिळते ती बेरोजगार म्हणून नाही, विद्यार्थी म्हणून, आणि तीही प्रवेश झाल्यावर, बऱ्याचदा वर्ष सरत आल्यावर. म्हणून तयारी प्रवेशाच्या दोन महिने आधीच सुरू करा.

पहिलं काम बँकेचं. महाडीबीटीचे (राज्याच्या शिष्यवृत्त्यांचं ऑनलाइन पोर्टल) पैसे तुम्ही अर्जात लिहिलेल्या खात्यात जातीलच असं नाही. आधार ज्या खात्याला जोडलाय तिथे जातात. एमआयडीसीत लागताना पगारासाठी काढलेलं खातं काम सुटल्यावर वापरातून जातं, पण आधार तिथेच चिकटून राहतो. 'माय आधार' साइटवर लॉगिन करून 'बँक सीडिंग स्टेटस' बघा (सीडिंग म्हणजे आधार खात्याला जोडणं): बँकेचं नाव आणि शेजारी 'ॲक्टिव्ह' दिसलं पाहिजे. जुनीच बँक दिसली तर चालू खात्याच्या शाखेत जाऊन सीडिंगचा फॉर्म भरा. काउंटरवर 'तुमचं केवायसी झालंय' असं सांगतील; ते वेगळं आणि सीडिंग वेगळं. आठवड्याभराने पुन्हा तपासा.

मग कागद. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून, सेतू किंवा 'आपले सरकार' केंद्रामार्फत. कायद्याने मुदत १५ दिवस, पण जूनमध्ये रांग मोठी असते, मेमध्येच अर्ज टाका. शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास, लागू असेल तर जात वैधता आणि नॉन-क्रिमीलेयर. मध्ये वर्षं गेली असतील तर गॅपचं शपथपत्र मागतात. स्टॅम्प घेण्याआधी साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्र चालेल का, ते कॉलेजात विचारा. मार्कशीटवर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं असेल तर हे आधी सोडवा, अर्ज इथेच सर्वात जास्त अडकतो.

खुल्या प्रवर्गात घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून व्यावसायिक अभ्यासक्रमाची निम्मी शिक्षण फी मिळते. मुलींना २०२४-२५ पासून पूर्ण. प्रवेश मात्र कॅप राउंडमधूनच (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतूनच) हवा. मॅनेजमेंट कोट्यातली सीट घेतली की हा लाभ गेला, आणि हे फी भरल्यानंतर कळतं.

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्याला सरकारी वसतिगृह मिळालं नाही तर स्वाधार योजना आहे. उत्पन्न मर्यादा अडीच लाख. जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षाला ४३,००० रुपये: भोजन २५,०००, निवास १२,०००, निर्वाह ६,०००. विद्यार्थी त्याच शहराचा रहिवासी नको. म्हणजे दहिवडीहून साताऱ्यात खोली घेऊन राहणारा बसतो, सदर बझारमधला नाही. हजेरी ७५ टक्के लागते.

एक गोष्ट उशिरा शिकायला येणाऱ्यांच्याच वाट्याला येते. बीए झालेलं असताना पुन्हा बीकॉमला बसलात तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर (दहावीनंतरच्या शिक्षणाची) शिष्यवृत्ती मिळत नाही. त्याच पातळीचं शिक्षण दुसऱ्यांदा धरत नाहीत. आयटीआयला मात्र वयाची वरची अट नाही, आणि काही ट्रेड दहावी नापासांनाही खुले आहेत.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत (वय १८ ते ३५) बारावीला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये महिना विद्यावेतन ठरलेलं आहे, पण शिक्षण चालू असलेला चालत नाही. घ्यायचीच तर कॉलेजच्या आधी. पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात होता त्यांनी काम सुटलेल्यांसाठीची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना चालू आहे का ते ईएसआयच्या शाखेत विचारावं: सरासरी रोजच्या वेतनाच्या ५० टक्के, जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदाच.

शिष्यवृत्ती येईपर्यंत मेसचा खर्च कोण देणार? साताऱ्यात याचं उत्तर जुनं आहे: कमवा आणि शिका, म्हणजे कॉलेजातच काम करून शिकायचं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज याच तत्त्वावर उभं केलं. प्रवेशाच्या दिवशीच कॉलेजच्या ऑफिसात या योजनेचा फॉर्म मागा, जागा मोजक्या असतात.

महाडीबीटीवर अर्ज टाकला म्हणजे काम संपलं नाही. तो आधी कॉलेजच्या क्लार्ककडे पडून राहतो. पंधरा दिवसांनी लॉगिन करून स्थिती बघा; 'सेंट बॅक' दिसलं तर खालचा शेरा वाचा. बहुतेक वेळा धूसर स्कॅन किंवा ३१ मार्चला मुदत संपलेला उत्पन्नाचा दाखला निघतो. त्याच दिवशी बदलून परत पाठवा आणि क्लार्कला जाऊन सांगा.