मुक्त बाजाराच्या पंडितांवर टीका करायचीय? मग आधी एवढं करा

लिबर्टेरियन, म्हणजे बाजारात सरकारची ढवळाढवळ कमीत कमी हवी असं मानणाऱ्या अर्थतज्ज्ञांविरुद्धचं सगळ्यात धारदार हत्यार त्यांच्याच गोटात सापडतं. मुक्त बाजाराचे मोठे पुरस्कर्ते फ्रिडरिश हायेक यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा डिसेंबर १९७४ मध्ये त्या मेजवानीत ते म्हणाले होते की, मला विचारलं असतं तर अर्थशास्त्राला हे पारितोषिक ठेवूच नका असं मी सांगितलं असतं. त्यानं एका माणसाच्या हाती असा अधिकार येतो, जो या शास्त्रात कुणाकडेच असू नये. इतर तज्ज्ञ त्याला ताळ्यावर आणतील, पण राजकारणी, पत्रकार, अधिकारी आणि सामान्य माणसं यांच्यावर पडणाऱ्या छापेचं काय? हा प्रश्न मनात ठेवून कामाला लागा.

अर्थशास्त्र शिकवायचो तेव्हा मी विद्यार्थ्यांना वर्तमानपत्री लेख चिरफाडीसाठी द्यायचो. ‘भांडवलदारांचे दलाल’ अशी सुरुवात असलेला निबंध पुढे न वाचता परत जायचा. शिवी दिली की समोरच्याचं काम सोपं होतं.

ज्या लेखावर टीका करायचीय तो समोर ठेवा आणि दोन पेनं घ्या. ‘असं घडतं’ सांगणारी वाक्यं निळ्यानं अधोरेखित करा, ‘असं करावं’ सांगणारी लालनं. मग निळ्यातून लालमध्ये उडी कुठे मारलीय ते शोधा. बहुतेक वेळा तिथे पुरावा नसतो, एखादी झकास उपमा असते.

किमान वेतनाचं उदाहरण घ्या. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यानं १ एप्रिल १९९२ ला ते ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ वर नेलं; शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते होतं तेवढंच राहिलं. डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी दोन्हीकडच्या मिळून ४१० फास्ट-फूड रेस्टॉरंटांमध्ये वाढीआधी आणि वाढीनंतर किती माणसं कामावर होती, याची चौकशी केली. न्यू जर्सीत रोजगार घटल्याचं त्यांना दिसलं नाही. न्यूमार्क आणि वॉशर या दुसऱ्या दोन अर्थतज्ज्ञांनी पगाराच्या नोंदी काढून उलटा निष्कर्ष मांडला, त्यावर कार्ड-क्रूगर यांनी सरकारी आकडेवारी घेऊन उत्तर दिलं. हे भांडण रीतसर झालं. पण १९९६ मध्ये मुक्त बाजारवादी अर्थतज्ज्ञ जेम्स बुकॅनन यांनी वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये काय लिहिलं? पाणी चढावर वाहतं असं कुठला भौतिकशास्त्रज्ञ म्हणत नाही, तसं किमान वेतन वाढवल्यानं रोजगार वाढतो असं स्वाभिमानी अर्थतज्ज्ञ म्हणणार नाही! लेखक १९८६ चे नोबेल विजेते, त्यामुळे वाचणारा गप्पच बसतो. तुम्ही बसू नका. पाण्याला मालक नसतो. काम देणारे मोजकेच असले तर ते पगार दाबून ठेवू शकतात, आणि तिथे सक्तीची पगारवाढ माणसं कमी न करताही पचू शकते. हे बंडखोरांचं नव्हे, पाठ्यपुस्तकातलंच अर्थशास्त्र आहे. (कार्ड यांनाही २०२१ मध्ये नोबेल मिळालं, पण ‘म्हणून तेच बरोबर’ असं लिहाल तर हायेक यांचा टोला तुम्हालाही बसेल.)

यानंतर गळालेली अट शोधा. मुक्त बाजाराचे बिनीचे अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांचा सप्टेंबर १९७० चा लेख लोकांच्या तोंडी ‘कंपनीचं काम फक्त नफा कमावणं’ एवढाच उरलाय. मूळ लेखात खेळाचे नियम पाळून, खुल्या स्पर्धेत, फसवणूक न करता, अशी अट आहे. ती परत जागेवर ठेवा आणि विचारा, कंपनी नफ्यातलाच पैसा नियम बदलून घ्यायला वापरते तेव्हा काय? माझ्या मते त्या लेखाची खरी दुखरी नस हीच आहे, आणि फ्रीडमन यांचे भक्त तिच्यापाशी फार वेळ थांबत नाहीत.

जुनी मतंही काढून बघा. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे तेव्हाचे प्रमुख अ‍ॅलन ग्रीनस्पॅन यांनी १९९८ मध्ये डेरिव्हेटिव्हजवर (शेअर, व्याजदर अशा दुसऱ्या कशावर तरी किंमत ठरणाऱ्या आर्थिक करारांवर) नवे निर्बंध आणायला विरोध केला होता. आर्थिक संकट कोसळल्यावर २३ ऑक्टोबर २००८ ला अमेरिकी संसदेच्या समितीपुढे त्यांनीच कबूल केलं की आपल्या विचारसरणीत दोष सापडलाय. बाकीच्या किती जणांनी असं कबूल केलं, ते तुम्हीच शोधा.

जे पटतं ते पटलं म्हणा. अमेरिकेतली सक्तीची सैन्यभरती १९७३ मध्ये थांबली, त्यामागे फ्रीडमन यांचा जोरदार युक्तिवाद होता आणि तो चांगला होता.

पैशाची चौकशी सगळ्यात शेवटी. ब्रिटनमध्ये अँटनी फिशर यांना निवडणुकीला उभं राहायचं होतं. हायेक यांनी त्यांना सांगितलं, राजकारण सोडा, मत घडवणाऱ्यांना गाठा. फिशर यांनी १९५५ मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ इकॉनॉमिक अफेअर्स ही मुक्त बाजाराचा विचार पसरवणारी संस्था काढली. पुढे कोंबडीपालनात त्यांनी बक्कळ कमावलं. अमेरिकेत तशीच केटो इन्स्टिट्यूट १९७७ मध्ये सुरू झाली, संस्थापकांत उद्योगपती चार्ल्स कोक. तेव्हा लेखाखाली लेखकाच्या नावापुढे अशा एखाद्या संस्थेचा ‘सीनियर फेलो’ (वरिष्ठ अभ्यासक) असं दिसलं की संस्थेचे देणगीदार तपासा. पण देणगीदार कळला म्हणून युक्तिवाद खोटा ठरत नाही, म्हणून हे टीकेच्या शेवटच्या परिच्छेदात घाला. नावं जाहीर नसतील तर ‘जाहीर नाहीत’ एवढंच लिहा, अंदाज नकोत.