इथे पॉइंट करत फिरू नका

मे महिना आला की इंग्लंडात नवीन आलेल्या आपल्या मंडळींचा प्रश्न ठरलेला: वीकेंडला पोरांना घेऊन जायचं कुठे? मी शेफील्डला राहतो, त्यामुळे माझं उत्तरही ठरलेलं: पीक डिस्ट्रिक्ट. ब्रिटनमधलं हे पहिलं राष्ट्रीय उद्यान, १९५१ सालचं. उद्यान म्हणजे फाटक आणि तिकीट नव्हे. गावं, शेतं, दगडी गडगे, मेंढ्या, सगळं त्यातच येतं.

आमची पहिली सहल मात्र फसली. महाबळेश्वरला सकाळपासून पॉइंट उरकत सुटतो ना, तशी मी यादीच केली होती: डव्हडेलची दरी, बेकवेल गाव, कॅसलटनची गुहा, मॅम टॉरची टेकडी. डव्हडेलला नदी ओलांडायला ओळीने दगड मांडलेले आहेत. आमची चार वर्षांची कन्या अलीकडच्या काठावर बसली आणि पाण्यात खडे टाकू लागली. दीड तास! मी सारखं घड्याळ बघतोय, तर बायको म्हणाली, "अरे, तिची सहल सुरू झालीय, तुझीच व्हायचीय." बाकी यादी खिशातच राहिली. तेव्हापासून आमचा हिशेब एका दिवसाला एकच ठिकाण.

लहान मुलं असतील तर पहिल्यांदा मोन्साल ट्रेलवर जा. जुन्या रेल्वेमार्गाची ही सपाट वाट साडेआठ मैलांची आहे. गाड्या १९६८ साली बंद झाल्या आणि बोगदे चालणाऱ्यांसाठी २०११ साली उघडले. बाबागाडी सहज जाते, हॅसॉप स्टेशनला सायकली भाड्याने मिळतात. बोगद्यात दिवसा दिवे असतात, पण भर उन्हाळ्यातही आत गारठा असतो, तेव्हा मुलांची जॅकेटं हाताशी ठेवा. बोगद्यात शिरल्यावर पोरं "ओऽऽ" ओरडणारच. ओरडू द्या, इंग्रजांचीही ओरडतात. मॅम टॉर ५१७ मीटरचा आहे. वाट दगडी फरसबंदीची आणि चढ छोटा, पण पायऱ्या असल्यामुळे बाबागाडी गाडीतच ठेवावी लागते. वर वारा असा असतो की टोपी हाताने धरूनच ठेवायची.

गाडी नसली तरी अडत नाही. मँचेस्टर-शेफील्ड मार्गावरची थांबत जाणारी ट्रेन उद्यानातल्या ईडेल गावाला सोडते. पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही, पाच ते पंधरा वयाच्यांसाठी फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्ड, म्हणजे तिकिटात सवलत देणारं कार्ड, काढा. गाडी असेल तर मूल बारा वर्षांचं किंवा १३५ सेंटिमीटर उंचीचं होईपर्यंत त्याच्या मापाची सीट हवीच. तिथे "जवळच तर जायचंय" चालत नाही. शनिवारी लवकर निघा, अकरा वाजता पोचलात तर पार्किंग शोधण्यातच अर्धा जीव जाईल.

राहायला आम्हाला स्वयंपाकघर असलेलं कॉटेज बरं पडतं, मुलांचा वरणभात सुटत नाही. मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवा. बऱ्याच ठिकाणी इंडक्शनची शेगडी असते आणि तिच्यावर आपला अॅल्युमिनियमचा कुकर तापत नाही. स्टीलचा, इंडक्शनला चालणारा न्या. दुसरी गोष्ट फोडणी. आम्ही मोहरी तडतडवली आणि धुराचा अलार्म असा किंचाळला की पोरं रडायला लागली. मी टॉवेलने वारा घालतोय आणि शेजारच्या कॉटेजमधल्या आजीबाई झोपायच्या कपड्यांतच दारात! त्यांना पोहे खाऊ घातले, सगळं निभावलं. तेव्हापासून आधी खिडकी उघडायची, मग तेल तापवायचं.

किराणा घरूनच भरून न्या. इंग्लंडमध्ये मोठी दुकानं रविवारी सहाच तास उघडी असतात आणि गावातलं छोटं दुकान कधी बंद होईल याचा नेम नाही. पबमध्ये जेवायचं असेल तर वेळ आधी विचारा. दुपारी दोन-अडीचला स्वयंपाकघर बंद झालं की संध्याकाळपर्यंत चिप्ससुद्धा मिळत नाहीत, आणि भुकेलं पोर हे समजून घेत नाही. बेकवेलचं पुडिंग अवश्य खा. अंडं न खाणाऱ्यांनी जपून, ते अंडं आणि बदामावरच उभं आहे.

जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो. "अजून दिवस आहे" म्हणत मुलं झोपत नाहीत, तेव्हा खिडकीला लावायला गडद चादर बरोबर ठेवा.

शेतातून जाताना फाटक जसं दिसलं तसंच सोडायचं: उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद. वासरं असलेल्या गायींच्या मधून जाऊ नका. आणि गमबूट विसरू नका. पुण्याहून आलेले आमचे एक मित्र पांढरे बूट घालून आले होते. परतताना ते बूट प्लॅस्टिकच्या पिशवीत होते आणि मित्र ट्रेनमध्ये नुसत्या मोज्यांवर.