कोकणात हरभरा, वाटाणा, मसूर लावताय? मग या चुका टाळा

पहिल्या वर्षी मी हरभरा पेरला तो दिवाळी आटोपून, चाकरमानी मुंबईला परतल्यावर, अगदी सावकाश. तोवर भात कापून तीन आठवडे झाले होते, मळ्याला भेगा पडलेल्या, नांगराला डोक्याएवढी ढेकळं निघाली आणि त्या ढेकळांत मी बी टाकलं. चार गुंठ्यांत जे उगवलं ते शेजारच्या काकांनी येऊन चक्क मोजून दाखवलं. हसले नाहीत, पण मोजलं.

तेव्हापासून एक पक्कं कळलंय, आपल्याकडे या पिकांची माती होते ती बहुतेक वेळा घाटावरचं वेळापत्रक खाली आणल्यामुळे. तिकडची काळी जमीन ओल महिनोन्महिने धरून ठेवते, तिकडे थंडीही दणकून पडते. आपली तांबडी जांभ्याची माती, पाणी चाळणीसारखं सोडणारी, आणि थंडी म्हणजे डिसेंबर-जानेवारीतल्या काही रात्री. त्यामुळे इथे कॅलेंडर बघायचं नाही, ओल बघायची.

ओल गेल्यावर पेरणी

भात कापलं की भारे उचलून लगेच, म्हणजे त्याच आठवड्यात, वाफसा (धड चिखल नाही, धड कोरडी नाही अशी ओल) असतानाच उथळ नांगरून फळी फिरवा आणि पेरा. मळणी नंतर झाली तरी चालते, भाताची उडवी कुठे पळून जात नाही, ओल मात्र पळते. चिखलणी केलेल्या खाचरात खाली एक कडक थर तयार झालेला असतो, तो सुकला की हरभऱ्याचं मूळ त्यातून खाली जाऊच शकत नाही. नांगरायला जमत नसेल तर भाताच्या चुडांच्या (कापल्यावर उरलेल्या बुडख्यांच्या) मधे काठीने भोक पाडून दोन-दोन दाणे टोकले तरी बरं पीक येतं, मी दोन वर्षं तसंच केलंय. दाणा साधारण ५ सेंटिमीटर खोल जाऊ दे, वरची ओल उडाली असेल तर आणखी थोडा. ओळीत ३० आणि रोपात १० सेंटिमीटर अंतर. विजयसारख्या बारीक दाण्याच्या जातीला गुंठ्याला साधारण ६५०-७०० ग्रॅम बी पुरतं, दिग्विजय किंवा विशालसारखा टपोरा दाणा असेल तर किलोभर लागतं.

उलटी चूकही होते. पाणथळ मळ्यात पाणी निथळायच्या आधीच घाई करून बी टाकलं तर ते कुजतं, वाटाणा तर दोन दिवसांत वास मारायला लागतो. माती मुठीत दाबली की गोळा व्हावा आणि बोटाने टोचला की फुटावा, एवढी ओल हवी.

जमीन न बघता पेरणं

आपली माती आंबट. हरभऱ्याला साधारण ६ ते ७.५ सामू (pH, मातीचा आंबटपणा सांगणारा आकडा) मानवतो आणि आपल्याकडे तो बऱ्याच ठिकाणी त्याच्या खालीच असतो. भातात पाणी उभं असताना सामू थोडा वर येतो, पाणी हटलं की परत खाली. म्हणून एकदा माती तपासून घ्या आणि गरज निघाली तर चुना टाका, पण पेरणीच्या दिवशी नको, आणि युरिया-डीएपीसारख्या नत्राच्या खतांबरोबर एकत्र तर अजिबात नको, नत्राचा वायू होऊन हवेत जातो. पेरणीआधी दोन-तीन आठवडे मिळत नसतील, आणि भातानंतर ते मिळतच नाहीत, तर उन्हाळ्यात पहिल्या नांगरटीलाच चुना मिसळून टाका.

आणखी एक, या तांबड्या मातीतलं लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला (फॉस्फरसला) धरून बसतं. खत फेकून दिलं की मातीच खाते. गुंठ्याला सव्वा किलोच्या आसपास डीएपी पुरे, पण ते बियाच्या बाजूला, जरा खाली, ओळीतच पडलं पाहिजे. वरून युरियाच्या मुठी मारू नका. झाड हिरवंगार दिसतं, फोटो छान येतो, घाटे, म्हणजे हरभऱ्याच्या शेंगा, मात्र लागत नाहीत.

खाजणातली, खाडीच्या बाजूची खारवट जमीन असेल तर हरभऱ्याचा नाद सोडा. हे पीक मिठाला फार नाजूक आहे.

जिवाणूंचं पाकीट, आणि तेही चुकीचं

इथे मी स्वतः सपशेल फसलोय. दुकानदाराने रायझोबियम (मुळांवर गाठी करून हवेतलं नत्र पिकाला देणारे जिवाणू) म्हणून पाकीट दिलं, मी आनंदाने घेतलं, घरी येऊन वाचलं तर ते सोयाबीनचं. आता कोणाला वाटेल जिवाणू ते जिवाणू, काय फरक पडतो. पडतो. हरभऱ्याचे जिवाणू वेगळे, सोयाबीनचे वेगळे. वाटाणा आणि मसूर मात्र एकाच गटातले, त्यांना एकच पाकीट चालतं. आणि तुमच्या शेतात वर्षानुवर्षं कुळीथ-चवळी होत असेल तर त्या मातीतले जिवाणू त्यांच्या कामाचे, हरभऱ्याशी त्यांचं जमत नाही. म्हणून ज्या मळ्यात हरभरा पहिल्यांदाच येतोय तिथे बीजप्रक्रिया टाळू नका.

क्रम लक्षात ठेवा, आधी बुरशीनाशक आणि जिवाणू सगळ्यात शेवटी. मी रासायनिक वापरतच नाही, किलोला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) चोळतो, मग गुळाच्या थंड केलेल्या पाण्यात रायझोबियम आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू, १० किलो बियाण्याला प्रत्येकी २५० ग्रॅम या हिशोबाने. सावलीत सुकवायचं आणि लगेच पेरायचं. पाकिटावरची तारीख बघा, आणि ते पाकीट गाडीच्या डिकीत उन्हात ठेवून तासभर बाजारात हिंडू नका, आतले जिवाणू मरतात.

काम झालं की नाही कसं कळणार? महिना-सव्वा महिन्याने एक झाड मुळासकट हळूच खणून काढा, मुळावरच्या गाठी नखाने फोडा. आत गुलाबी-लालसर असेल तर गाडी रुळावर आहे, पांढरी किंवा हिरवट असेल तर गाठी नुसत्या नावाला.

झाड पिवळं पडलं की पाणी सोडणं

ही सगळ्यात महाग चूक. झाड मान टाकतं, आपल्याला वाटतं तहानलंय, आपण विहिरीचा पंप चालू करतो आणि उरलेलं पीकपण मारतो. आधी उपटून बघा. बुंध्याशी पांढरी बुरशी आणि मोहरीसारखे बारीक दाणे दिसले तर ती मानकूज. भाताची धसकटं नीट कुजलेली नसतात, वर ओल आणि उकाडा, त्यामुळे भातानंतरच्या हरभऱ्यात ही फार येते. बुंधा ठीक आहे पण खोड उभं चिरल्यावर आत काळपट-तपकिरी रेघ दिसली तर तो मर रोग. त्याची बुरशी मातीत वर्षानुवर्षं राहते, तेव्हा त्या वाफ्यात पुढची काही वर्षं हरभरा नको आणि बी विजय, दिग्विजयसारखं मर रोगाला दाद न देणारं घ्या. दोन्हीत आजारी झाड उपटून बांधाबाहेर जाळायचं, पाणी द्यायचं नाही. आणि सगळं शेतच सारखं पिवळं असेल, रेघ नाही बुरशी नाही, तर पाणी साचलंय किंवा गाठी काम करत नाहीयेत.

पाणी द्यायचंच तर हलकं, एकदा महिन्याने, एकदा फुलं येताना, एकदा घाटे भरताना. जास्त झालं की हरभरा उभळतो, नुसता पाला.

त्या पाल्यावरून आठवलं, ३०-३५ दिवसांनी शेंडे खुडा. फांद्या फुटतात, घाटे वाढतात आणि घरी भाजी होते. सकाळी दवात मात्र शिरू नका, पानांवरची आंब पायाला चावते आणि ओल्या झाडातून फिरल्यावर रोगही पसरतो.

घाटे अळी दिसल्यावर धावपळ

घाट्याला गोल भोक दिसलं म्हणजे अळीने आत डोकं घालून जेवण उरकलंय. फुलं यायला लागली की एक दिवसाआड ओळीत वाकून बघा, मीटरभर ओळीत एक-दोन अळ्या मिळाल्या की उपाय सुरू. लहान अळीला ५ टक्के निंबोळी अर्क पुरतो, अर्धा किलो निंबोळीची भरड रात्रभर भिजवून गाळायची आणि पाणी घालून एकूण १० लिटर करायचं. अळीला मारणाऱ्या विषाणूचं औषध मिळालं, एचएएनपीव्ही म्हणतात ते, तर संध्याकाळी फवारा, उन्हात ते निकामी होतं. पक्ष्यांसाठी काठ्यांचे मचाण रोवा, साळुंक्या, कोतवाल आपलं काम करतात.

वाटाणा

वाटाण्याला मनापासून थंडी हवी, १० ते २० अंशांत तो खूश. ३० च्या वर गेलं की फुलं गळतात आणि आपल्या किनाऱ्यावर जानेवारीतही दुपारी पारा तिथेच घुटमळतो. दापोलीसारख्या उंचावर जरा बरं. म्हणून अर्केलसारखी लवकर येणारी जात, नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पेरणी, आणि दुपारनंतर सावली येईल अशी जागा. फेब्रुवारीत फुलणारा वाटाणा म्हणजे गुरांचा चारा.

किराणा दुकानातला पांढरा वाटाणा पेरून गोड शेंगांची वाट बघणारेही भेटलेत. तो उसळीचा वाटाणा, उगवतो, पण शेंग गोड नसते. आंबोळीबरोबरचा काळा वाटाणाही त्याच जातकुळीतला.

पानांवर पिठासारखी भुरी आली तर पाण्यात विरघळणारं गंधक, १० लिटरला २५ ग्रॅम, सकाळी. कडक उन्हात मारलं तर पानं करपतात.

मसूर

डाळ पेरू नका, अख्खा मसूर घ्या. हसू नका, विचारलंय मला एकाने. हे पीक मुख्यतः मध्य प्रदेश, उत्तर प्रदेशातलं, आपल्याकडे हौसेला दोन ओळी ठीक. बुटकं झाड आहे, पहिला दीड महिना गवत काढलं नाही तर मसूर शोधायला लागतो.

कुंपण आधी

भात निघालं की गावातली गुरं मोकाट, आणि मग अख्ख्या वाडीत हिरवं काय ते फक्त तुमचा हरभरा. वर वानरं, मोर, डुक्कर. गडगा किंवा काट्यांची वई बी आणण्याच्या आधी घाला. आणि एकट्याने पेरू नका, शेजारच्या दोघा-तिघांना बरोबर घ्या म्हणजे राखणीच्या पाळ्या लावता येतात. हे जमत नसेल तर खरं सांगतो, कडवे वाल आणि कुळीथ लावा.

काढल्यावर

झाडं पिवळी पडून घाटे वाजायला लागले की सकाळी उपटा, दुपारी उपटली तर घाटे शेतातच फुटतात. मग दाणे कडक उन्हात वाळवा, दाताखाली कट्कन फुटेपर्यंत. आपल्या हवेतला दमटपणा दाण्यात परत शिरतो आणि पावसाळ्यात डब्यातून भुंगे चालत बाहेर येतात. बियाण्याचे दाणे राखेत घोळून घट्ट झाकणाच्या पिंपात भरा, खायच्या हरभऱ्याला किलोला चमचाभर गोडंतेल चोळलं तरी भुंगा अंडी घालायला कचरतो. पिंप जमिनीवर नाही, फळीवर ठेवा, आणि हे सगळं मे महिन्यात उरका.