लॅपटॉपला रात्रभर जागं कसं ठेवायचं

गेल्या आठवड्यात ताईच्या मुलाच्या मुंजीचे व्हिडिओ ड्राइव्हवर अपलोडला लावून झोपलो, सगळे मिळून ४० जीबी, म्हटलं सकाळपर्यंत होईल, आणि पहाटे ५:५२ ची लोकल पकडायला उठून बघतो तर साहेब ढाराढूर झोपलेले, अपलोड जेमतेम चतकोर. तेव्हा नीट बसून हे सगळं शोधलं.

आधी एक समजून घ्या, स्क्रीन बंद होणं, लॉक होणं आणि स्लीप होणं या तीन वेगळ्या भानगडी आहेत. स्क्रीन काळी झाली किंवा पासवर्ड मागितला तरी आत काम चालूच असतं, स्लीपमधे मात्र तुमचं डाउनलोड अपलोड सगळं ठप्प. म्हणजे रात्रीच्या कामासाठी फक्त स्लीप बंद करायचं, लॉक राहू दे की, उलट बरंच आहे.

विंडोज ११ मधे सेटिंग्स, सिस्टम, पॉवर (लॅपटॉपवर पॉवर अँड बॅटरी लिहिलेलं असतं), तिथे स्लीपच्या वेळा दिसतील, त्यात प्लग्ड इन वाली नेव्हर करा. विंडोज १० ला तेच पॉवर अँड स्लीप नावाने आहे. बॅटरीवाल्या वेळेला हात लावू नका, नाहीतर कधीतरी चार्जर नसताना मशीन पूर्ण उतरून बसेल. झाकण बंद करून ठेवायचं असेल तर कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, तिथे झाकण मिटल्यावर काय करायचं ते विचारतात, डू नथिंग निवडा. पण मग तो गादीवर किंवा बॅगेत ठेवू नका हां, टेबलावर ठेवा, आधीच आपल्याकडे ऑक्टोबरमधे काय उकडतं माहितीय.

मला स्वतःला सगळ्यात आवडलं ते विंडोजसाठीचं पॉवरटॉइज नावाचं ॲप. मायक्रोसॉफ्टचंच आहे, फुकट आहे, त्यात अवेक म्हणून एक सोय आहे, खाली घड्याळापाशी कॉफीच्या कपाचा आयकॉन येतो, त्यावर राइट क्लिक करून किती तास जागं ठेवायचं ते सांगायचं, वेळ संपली की आपोआप जुन्या सेटिंगवर. स्क्रीन पण चालू हवी असेल तर कीप स्क्रीन ऑन वर टिक.

मॅकवाल्यांना काही टाकावंच लागत नाही, टर्मिनल (मॅकमधलंच कमांड टाइप करायचं ॲप) उघडून कॅफिनेट टाइप करा (स्पेलिंग caffeinate, कॉफीतल्या कॅफिनवरून), बंद करायला कंट्रोल सी. स्क्रीन पण चालू हवी तर पुढे स्पेस, डॅश, डी. दोन तासच हवं तर डॅश टी आणि ७२००, ते सेकंद असतात. झाकण मिटलं की मात्र सहसा झोपतोच.

विंडोजवर स्लीप बंद करूनही मधेच लॉक होतोय? स्क्रीनसेव्हरमधे ऑन रिझ्यूम वाली टिक बघा, आणि अकाउंट्स, साइन इन ऑप्शन्समधे डायनॅमिक लॉक. याला ब्लूटूथने फोन जोडलेला असतो, फोन घेऊन लांब गेलात की थोड्या वेळात लॉक. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत लांब जायची सोयच नाही म्हणून मला कधी कळलं नव्हतं.

ऑफिसच्या लॅपटॉपवर हे ऑप्शन बहुतेक करडेच दिसतील, आयटीवाल्यांनी बंद केलेले असतात. माउसखाली काट्याचं घड्याळ ठेवायची युक्ती आहे, सेकंद काट्याने कर्सर हलतो कधीकधी, पण नका करू, उघड्या मशीनवर कोणी काही केलं तर नाव तुमचं. खरंच गरज असेल तर आयटीला मेल टाका.

आणि हो, दुसऱ्या रात्री सगळं बरोबर करूनही माझा लॅपटॉप झोपलाच, कारण आई झोपताना घरातली सगळी बटणं बंद करत फिरते, त्यात चार्जरचं पण, मग तो बॅटरीवर गेला आणि तिथली वेळ लागू झाली. तिसऱ्या रात्री बटणावर चिठ्ठी चिकटवली, राउटरच्या पण.