काठी, तंगूस, गळ: पंचगंगेकाठची चिलापी

चिलापी हा मासा धरायला रीळ लागत नाही, मासे शोधणारं यंत्र तर नाहीच. आठ-दहा फुटांचा वाळका, लवचिक शेंड्याचा बांबू घ्या. तंगूस, म्हणजे गळ बांधायचा नायलॉनचा दोरा, काठीएवढाच, लांब झाला की झुडपात अडकतो. चिलापीचं तोंड लहान, म्हणून गळही बारीक. गळाच्या वर वीतभर अंतरावर शिशाचा मणी, त्यावर दोनेक फुटांवर ज्वारीच्या ताटाचा बोटभर तुकडा बांधा, हीच तरंगी. ताट पाणी पिऊन जड होतं, जादा तुकडे खिशात असू द्यात.

गांडूळ अख्खं लटकवलं की शेपूट खाऊन मासा पसार! गळ झाकेल एवढंच ओवा. तरंगी थरथरली तर थांबा. बुडाली किंवा आडवी सरकली, की मनगटाचा हलका हिसका. जोरात ओढलं तर ओठ फाटून मासा सुटतो. पाठीचे काटे टोचतात, म्हणून हात डोक्याकडून मागे सरकवत ते दाबून धरा. पावसाळ्यात नदी चढली की काठाला जायचंच नाही.