दोन चलनांमधला जुना विनिमय दर कसा शोधावा आणि कसा वापरावा

जुना विनिमय दर शोधायला बसणारा माणूस बहुधा एकच प्रश्न घेऊन येतो: अमुक वर्षी पौंडाचे किती डॉलर मिळत होते? या प्रश्नाला एक उत्तर नसते. त्यामुळे कोणतीही आकडेवारी उघडण्यापूर्वी आपल्याला विशिष्ट दिवसाचा दर हवा आहे, महिनाअखेरचा हवा आहे की वर्षाची सरासरी हवी आहे, हे ठरवावे. एखाद्या तारखेला झालेल्या व्यवहाराची किंमत काढायची असेल तर त्या दिवसाचा दर घ्यावा. वर्षभर थोडेथोडे मिळालेले उत्पन्न बदलायचे असेल तर सरासरी. आणि वर्षअखेरीस शिल्लक असलेल्या रकमेसाठी त्या शेवटच्या दिवसाचा दर. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या आकडेवारीत कालावधीची सरासरी आणि कालावधीअखेरचा दर वेगवेगळ्या मालिकांत दिलेले असतात, ते याच कारणासाठी.

त्यानंतर दराची दिशा पाहावी. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हच्या (तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या) दरपत्रकात बहुतेक चलने ‘एका डॉलरला किती’ अशी मांडलेली असतात, पण पौंड आणि युरो मात्र ‘एका पौंडाला किंवा युरोला किती डॉलर’ असे उलटे असतात. हे लक्षात न घेता एकाच तक्त्यातले दोन आकडे शेजारी ठेवले, तर एक चलन महाग होत असताना ते स्वस्त होत असल्याचा भास होतो. आकडा उतरवून घेताना ‘२.८०’ एवढेच न लिहिता ‘१ पौंड = २.८० डॉलर’ असे पूर्ण लिहिण्याची सवय कंटाळवाणी वाटते खरी, पण या विषयातल्या निम्म्या चुका तिच्यामुळे टळतात.

दर कोणाचा आहे, हेही तितकेच महत्त्वाचे. मध्यवर्ती बँकांनी जाहीर केलेला संदर्भ दर हा खरेदी आणि विक्री यांच्या मधला किंवा बाजारातल्या एका ठरावीक वेळेचा दर असतो. ग्राहकाला काउंटरवर मिळालेला दर त्याहून वेगळाच असणार. युरोपीय मध्यवर्ती बँक जानेवारी १९९९ पासून कामकाजाच्या दिवशी युरोचे संदर्भ दर प्रसिद्ध करते. शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी दर नसतो, म्हणून अशा तारखेसाठी सामान्यतः लगतच्या आधीच्या कामकाजाच्या दिवसाचा दर घेतात. मात्र एखाद्या नियमाने दुसरी पद्धत सांगितली असेल तर तीच पाळावी. हव्या असलेल्या दोन चलनांचा थेट दर मिळाला नाही, तर तो तिसऱ्या चलनामार्फत काढता येतो. समजा, एका युरोला १.२० डॉलर आणि ०.८० पौंड मिळत असतील, तर १.२० ला ०.८० ने भागून एका पौंडाचे १.५० डॉलर होतात. दोन्ही दर एकाच दिवसाचे आणि एकाच स्रोतातले असणे ही मात्र अट.

आता सर्वांत जास्त वेळ जिथे द्यायला हवा तो भाग: त्या काळात दर कसा ठरत होता. पौंड आणि डॉलर यांची जोडी यासाठी उत्तम उदाहरण आहे. सुवर्णमानाच्या काळात, म्हणजे चलनाची किंमत ठरावीक सोन्याशी बांधलेली असताना, एक पौंड सुमारे ४.८६ डॉलरचा होता. ब्रिटनने १९२५ मध्ये पुन्हा तोच दर स्वीकारला आणि सप्टेंबर १९३१ मध्ये सुवर्णमान सोडले. दुसऱ्या महायुद्धात दर ४.०३ वर बांधला गेला, सप्टेंबर १९४९ मध्ये तो २.८० वर आणि नोव्हेंबर १९६७ मध्ये २.४० वर आणला गेला (बांधलेला दर असा खाली आणण्यालाच अवमूल्यन म्हणतात). जून १९७२ पासून पौंड तरता आहे (त्याचा डॉलरमधला दर बाजारात ठरतो). म्हणजे १९५५ साठी महिनावार दर शोधत बसण्यात फारसा अर्थ नाही, तो २.८० च्या आसपासच सापडेल. पण १९४९ किंवा १९६७ या वर्षांची सरासरी जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण तिथे सरासरीचा आकडा अवमूल्यनाच्या आधीच्या आणि नंतरच्या दरांच्या मधोमध कुठेतरी पडतो आणि त्या दराने बाजारात व्यवहार झालेला नसतो. अशा वर्षी अवमूल्यनाची तारीख शोधून दोन भाग वेगळे हाताळावेत. जिथे चलनावर कडक निर्बंध होते, तिथे अधिकृत दराच्या जोडीला काळ्या बाजारातला दरही असतो, आणि लोकांनी प्रत्यक्षात काय मोजले हे जाणून घ्यायचे असेल तर अधिकृत दर फसवा ठरतो.

अवमूल्यनाची टक्केवारी सांगतानाही जपावे. ४.०३ वरून २.८० वर आलेला पौंड डॉलरच्या हिशेबात सुमारे ३०.५ टक्क्यांनी घसरला, पण पौंडाच्या हिशेबात डॉलर जवळपास ४४ टक्क्यांनी महागला. दोन्ही विधाने बरोबर आहेत. सरासरीचेही असेच आहे: एक दिवस दर २ आणि दुसऱ्या दिवशी ४ असेल तर सरासरी ३ येते, पण उलट्या दिशेने ०.५ आणि ०.२५ ची सरासरी ०.३७५ येते, एक भागिले तीन नव्हे. म्हणून सरासरी दर उलटा करून वापरू नये. आधी रोजचे दर उलटे करावेत, मग सरासरी काढावी.

लांब मालिकेत अचानक प्रचंड उडी दिसली, तर चलनच बदलले आहे का ते तपासावे. फ्रान्सने १९६० मध्ये १०० जुन्या फ्रँकचा एक नवा फ्रँक केला, तुर्कस्तानने २००५ मध्ये दहा लाख जुन्या लिरांची एक नवी लिरा केली. फ्रँक पुढे युरोत विलीन झाला, तेव्हा ६.५५९५७ फ्रँक म्हणजे एक युरो असा कायमचा दर ठरला. काही मालिकांत जुने आकडे नव्या चलनात बदलून दिलेले असतात, काहींत नसतात. तळटीप वाचल्याशिवाय हे कळत नाही.

शेवटी, जुन्या रकमेची आजची किंमत काढायची असेल तर तिला आजच्या दराने गुणू नये. त्या काळच्या दराने रक्कम दुसऱ्या चलनात बदलून मग त्या देशाच्या महागाईचा हिशेब लावता येतो, किंवा आधी मूळ देशातली महागाई जोडून मग आजच्या दराने बदलता येते. दोन्ही मार्गांची उत्तरे सहसा जुळत नाहीत, कारण दर आणि महागाई हातात हात घालून चालत नाहीत; म्हणून कोणता मार्ग घेतला ते उत्तराशेजारी नोंदवून ठेवावे.